इयत्तेचं माप आमच्या हाती द्या!

(कापड कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

कामगार बंधूंनो, भगिनींनो आणि कडेला उभ्या असलेल्या आमच्या बदली भावांनो,

आज आम्ही बोनसवर बोलणार नाही. महागाई भत्त्यावरही बोलणार नाही. त्यावर बोलणारे आमच्याहून जाणते लोक या मंचावर बसलेले आहेत. आज आम्ही शाळेवर बोलणार आहोत. आपली पोरं ज्या सरकारी, पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, तिथं त्यांना काय शिकवायचं, किती शिकवायचं आणि ते शिकली की नाही हे कुणी बघायचं, हा आजचा सवाल आहे.

कुणी म्हणेल, साच्यावर उभं राहणाऱ्याला अभ्यासक्रमातलं काय कळतं? आमच्यातले किती तरी चौथीपाशी अडले, काही दुसरीपाशीच. खरं आहे. पण ज्याचं पोट उपाशी राहिलेलं असतं त्यालाच भाकरीचं मोल कळतं. शाळा ज्याच्या हातून सुटली, त्यानं शाळेवर बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

बंधूंनो, पहिली गोष्ट मापाची. माप म्हणजे काय हे गिरणी कामगाराला शिकवावं लागत नाही. चाळीस नंबरचं सूत म्हणजे काय? ८४० वारांची एक लड, आणि अशा ४० लडींचं वजन एक पौंड. हे माप शेठच्या मर्जीवर नाही, जॉबरच्या लहरीवर नाही. इचलकरंजीत चाळीस नंबर म्हणजे जे, तेच कोइमतूरला आणि तेच भिवंडीला. उद्या मालक म्हणाला, "चाळीस नंबर म्हणजे काय ते मी सांगणार नाही, तुम्ही नुसतं काम करा, मजुरी किती पडेल ते मी ठरवीन," तर आपण काय करू? खातं बंद पाडू. माप उघड असलं पाहिजे, हे आपण लढून शिकलो.

आता शाळेकडे या. शेजारी विचारतो, "पोरगं कितवीत आहे?" आपण छाती फुगवून सांगतो, "पाचवीत." पण पाचवी म्हणजे किती नंबरचं सूत? पाचवीतल्या पोराला काय यायला पाहिजे? हे आपल्यापैकी किती जणांना कुणी सांगितलं आहे? हात वर करा म्हटलं तर दहा हात वर होणार नाहीत. पोरगं पाच वर्षं शाळेत जातं, आणि त्याला काय यायला पाहिजे हे त्याच्या बापाला ठाऊक नाही, आईला ठाऊक नाही. माप आहे, पण ते आपल्या हातात नाही. हाच आमचा मुद्दा आहे, आणि तो आम्ही शेवटपर्यंत सोडणार नाही.

माप लिहिलेलं आहे, पण कुणासाठी?

माप नाही असं नव्हे. २०१७ साली शिक्षण हक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेत प्रत्येक विषयात पोराला काय आलं पाहिजे याची यादी करणं बंधनकारक झालं. त्या यादीला नाव दिलं "अध्ययन निष्पत्ती". घरी जाऊन पोराचं बालभारतीचं पुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवर ती छापलेली दिसेल. पण "अध्ययन निष्पत्ती" हा शब्द वाचून किती आयांना कळेल की यात माझ्या पोराच्या हक्काची गोष्ट लिहिली आहे? मराठीत छापलं म्हणजे लोकांच्या भाषेत आलं असं होत नाही. लोकांचं राज्य लोकांच्या भाषेत चालावं म्हणून १ मे १९६० रोजी हे राज्य मिळवलं. त्यासाठी गिरणगावानं रक्त सांडलं. ते साहेबाच्या इंग्रजीच्या जागी साहेबाची मराठी आणण्यासाठी सांडलं नव्हतं.

म्हणून ती यादी आपल्या बोलीत आम्हीच सांगतो. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं "निपुण भारत" नावाची मोहीम सुरू केली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक पोराला वाचता-लिहिता आणि हिशोब करता आला पाहिजे, आणि हे २०२६-२७ सालापर्यंत साधायचं, असं तीत कबूल केलं. त्यातलं माप असं आहे:

पहिली संपली की पोरानं चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य, पूर्वी न पाहिलेलं, वाचलं पाहिजे. ९९ पर्यंतचे आकडे वाचता-लिहिता आले पाहिजेत.

दुसरी संपली की मिनिटाला ४५ ते ६० शब्द, अर्थ समजून वाचता आले पाहिजेत. ९९९ पर्यंतचे आकडे आले पाहिजेत, दोन आकडी वजाबाकी आली पाहिजे.

तिसरी संपली की मिनिटाला निदान ६० शब्द अर्थासकट वाचता यावेत. ९९९९ पर्यंतचे आकडे यावेत, गुणाकाराची साधी उदाहरणं सुटावीत.

आणि पाचवीत? मोठ्या आकड्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. सममूल्य अपूर्णांक. काटकोन, लघुकोन, विशालकोन ओळखणं. मीटरचे सेंटिमीटर, किलोचे ग्रॅम करणं.

झालं! एवढं साधं आहे. हे समजायला पदवी लागत नाही. पगाराची पावती वाचता येणाऱ्या कोणत्याही कामगाराला हे माप हातात धरता येईल.

ही मागणी आजची नाही

बंधूंनो, शाळेत काय शिकवावं हे गरिबानं सांगणं ही नवी टूम नाही. १८८२ साली हंटर कमिशन आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढं निवेदन ठेवलं. कष्टकऱ्याच्या कराचा पैसा सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी केली. पण जोतीराव तिथं थांबले नाहीत. शाळेत काय शिकवायचं तेही त्यांनी मांडलं: मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशोब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. मास्तर शिकवून तयार केलेला असावा आणि कष्टकऱ्यांत मिसळणारा असावा, हेही सांगितलं. म्हणजे शाळेचं दार उघडा एवढंच ते म्हणाले नाहीत. दाराच्या आत काय असावं, तेही म्हणाले.

त्याच जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीनं. एका हातात कामगारांची चळवळ, दुसऱ्या हातात "दीनबंधू" पत्र. तेव्हा अक्षर आणि संघटना यांचं नातं आपल्या चळवळीच्या पाळण्यातलं आहे.

१९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. १९१२ साली ते पडलं. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. एका संस्थानाला जे जमलं, ते साम्राज्याला जमलं नाही! १९५० साली घटना आली. तिनं सांगितलं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक पोराला मोफत शिक्षण देण्याचा राज्यानं प्रयत्न करावा. दहा वर्षं १९६० साली संपली. तो हक्क घटनेत पक्का व्हायला २००२ साल उजाडलं, कायदा व्हायला २००९ आणि तो लागू व्हायला १ एप्रिल २०१०. दहा वर्षांचा वायदा साठ वर्षांनी पुरा झाला. मालकानं असा वायदा मोडला असता तर आपण त्याला झोपू दिलं असतं का?

आत काय चाललं आहे?

दार तर उघडलं. आता आत बघू.

२०२४ साली देशभर खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन "असर" नावाची पाहणी झाली. तिच्यात पोराच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या पोरांत ती दुसरीची गोष्ट वाचू शकली शंभरात २३.४. २०२२ साली, कोरोनात शाळा बंद राहिल्यानंतर, हा आकडा १६.३ होता. म्हणजे सुधारणा झाली, ती आम्ही कबूल करतो आणि ती करणाऱ्या शिक्षकांना शाबासकी देतो. पण पाचवीचं काय? पाचवीतली शंभरात ४४.८ पोरं दुसरीची गोष्ट वाचतात. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं पाचव्या वर्षीही दुसरीच्या पुस्तकापाशी अडखळतात.

हा आकडा सबंध देशातल्या खेड्यांचा आहे. पण आपण आपल्या वस्तीकडे पाहून सांगा, आपल्याला तो परका वाटतो का?

मग दोष कुणाचा? इथं आम्हांला गिरणीतली जुनी गोष्ट सांगू द्या. मुंबईच्या गिरण्यांत कापडाला डाग पडला, फट पडली, की तो डागी माल विणकराच्या गळ्यात मारायचे आणि पैसे पगारातून कापायचे. सूत कच्चं आलं होतं, हवेत ओल नव्हती, मशीन जुनं होतं. पण दंड विणकराला! त्या जुलमाविरुद्ध आपल्या आज्या-पणज्यांनी टाळे ठोकले.

आज शाळेत तेच होत आहे. २०१९ साली कायदा बदलला आणि पाचवी-आठवीत पोराला नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्रानं २०२३ साली ती परीक्षा आणली. आम्ही परीक्षेला भीत नाही. पोरगं काय शिकलं हे तपासलंच पाहिजे. पण तपासणीचा दंड एकट्या पोरानं का भरावा? पहिलीत अक्षर ओळख पक्की झाली नाही, दुसरीत कुणी पाहिलं नाही, तिसरीत मास्तरची बदली झाली, चौथीत जागा रिकामी राहिली, आणि पाचवीत त्या दहा वर्षांच्या पोराच्या कपाळावर शिक्का मारला: नापास! सूत कच्चं देणारा सुटला आणि विणकर दंडाला लागला.

आणि मास्तरालाही उगाच धोपटू नका. मास्तर आपल्यासारखाच पगारदार आहे. कायदाच सांगतो की पहिली ते पाचवीत ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक पुरेत. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन माणसं! एका माणसाला किती साचे चालवता येतात याचा झगडा आपण किती वर्षं केला? दोन साच्यांवरून चारवर, चारावरून सहावर. कापड बिघडतं ते तिथं. मास्तराच्या अंगावर अडीच इयत्ता टाकल्या, वर माहिती भरायचे कागद टाकले, निवडणुकीचं काम टाकलं. मग माप कुणी पुरं करायचं?

म्हणून आम्ही म्हणतो, इयत्तेचं माप हे आधी सरकारला बांधणारं असलं पाहिजे, मग पोराला. तिसरीच्या पोराला वाचता येत नसेल तर पहिला जाब सरकारनं द्यावा: शिक्षक दिला होता का? पुस्तक वेळेवर आलं होतं का? कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवलं आहे, ते भरले का? हे भरलं नसेल तर पोराला नापास करण्याचा कुणालाही हक्क नाही.

गरिबाला एवढंच पुरे?

आता एक गोड बोलणारा वर्ग आहे, त्याच्यापासून सावध राहा. तो म्हणतो, "कामगाराच्या पोराला इतकं कशाला? सही आली, आकडे आले, पुरे." १९९१ साली सरकारी समितीनं किमान अध्ययन पातळी ठरवली. हेतू चांगला होता: याच्याखाली कुणाचंही पोरगं राहू नये. पण गरिबाच्या बाबतीत किमान वेतनाचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. किमान म्हणून ठरवलेला आकडा बघता बघता कमाल होऊन बसतो! मालक म्हणतो, कायद्यानं एवढंच द्यायचं आहे. शाळेतही तेच होईल. वाचन आणि वजाबाकी हा पाया आहे, तो घराचं छप्पर नव्हे. आपल्या पोराला विज्ञान पाहिजे, इतिहास पाहिजे, चित्र काढायला पाहिजे, प्रश्न विचारायला पाहिजे. शेठच्या पोराला जे पाहिजे ते सगळं पाहिजे.

१९८२ सालचा धडा विसरू नका. १८ जानेवारीला मुंबईचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि चिमण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. हातात उत्तम हुन्नर असलेला साचेवाला रस्त्यावर आला. हुन्नर होता, पण साचाच राहिला नाही. ज्याला वाचता-लिहिता नीट येत होतं त्याला निदान दुसरं दार ठोठावता आलं. ज्याला येत नव्हतं तो पहारेकरी झाला, हमाल झाला, नाही तर गावाला गेला. गिरणी मालकाची असते, साचा मालकाचा असतो. पोरानं शाळेत कमावलेलं मात्र कोणताही शेठ विकू शकत नाही.

भाषेचा सवाल

आता भाषेकडे येऊ. पुष्कळ कामगार पोटाला चिमटा घेऊन पोराला फीच्या इंग्रजी शाळेत घालतात. त्यांना शिव्या देणं सोपं आहे. आम्ही देणार नाही. बापाला दिसतं की साहेब इंग्रजी बोलतो, म्हणून त्याला वाटतं इंग्रजीतच शहाणपण आहे. पण घरात कुणाला इंग्रजी येत नाही, शाळेच्या बाईंनाही बेताचं, आणि पोरगं भागाकार शिकायचं सोडून शब्द पाठ करत बसतं. वजाबाकी मनात शिरते ती आईच्या भाषेतून. शिक्षण हक्काच्या कायद्यातही लिहिलं आहे की शक्य तोवर शिक्षण मातृभाषेतून द्यावं. इंग्रजी पाहिजेच, चांगलं पाहिजे. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, तो विषय नीट शिकवा, एवढंच मागणं.

पण मराठीच्या अभिमान्यांनाही आमचा एक सवाल आहे. मराठी शाळेत शिकवणं बरं होत नसेल तर नुसत्या घोषणेनं कोण आपलं पोरगं तिथं ठेवील? मराठी शाळा वाचवायची असेल तर मराठी शाळेतलं पोरगं वाचलं पाहिजे, दोन्ही अर्थांनी! व्यासपीठावर मराठीचा जयजयकार आणि आपली पोरं भारी फीच्या इंग्रजी शाळेत, असल्या पुढाऱ्यांना आपण ओळखून आहोत.

२०२५ साल घ्या. १६ एप्रिलला सरकारनं हुकूम काढला की मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा सक्तीची. १७ जूनला तो हुकूम थोडा बदलला. लोक उठले, आणि २९ जूनला दोन्ही हुकूम मागं घ्यावे लागले. आपलं हिंदीशी वैर नाही. बाजूच्या साच्यावर उभा असलेला उत्तर प्रदेशचा, बिहारचा भाऊ आपलाच आहे. सवाल हा आहे की सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात काय घालायचं हे त्याच्या आईबापाला न विचारता कसं ठरतं? ज्या पोराला अजून स्वतःच्या भाषेतलं वाक्य वाचता येत नाही, त्याच्यापुढं आणखी एक भाषा कुणाच्या हितासाठी ठेवली होती?

आणि जो न्याय आपण मागतो तो दुसऱ्यालाही दिला पाहिजे. सोलापूरच्या मागावर तेलुगू बोलणारे आपले पद्मशाली भाऊ आहेत. मालेगाव, भिवंडीला उर्दू बोलणारे मोमीन भाऊ आहेत. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, त्याच वर्षी घटनेत कलम ३५० (क) घातलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं ते कलम सांगतं. या कलमाचा आधार घेऊन बेळगावच्या मराठी पोराला मराठी शाळा, मराठी पुस्तक आणि शिकवणारा मराठी मास्तर मिळाला पाहिजे, असं आपण म्हणतो. मग तेच सोलापूरच्या तेलुगू पोराला आणि मालेगावच्या उर्दू पोराला महाराष्ट्रात मिळालंच पाहिजे. भाषा ज्याची त्याची, माप मात्र सगळ्यांना एकच. मराठीतली तिसरी आणि उर्दूतली तिसरी एकाच नंबरची असली पाहिजे.

करायचं काय?

नुसतं भाषण ऐकून घरी जायचं नाही. कामाची गोष्ट ऐका.

पहिलं काम. कायद्यानं सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश आईबाप असले पाहिजेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. हा आपला कायदेशीर हक्क आहे. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे ते उद्या जाऊन विचारा. सही करण्यापुरतं नाव घातलं असेल तर बदलायला लावा. बैठक आपल्या पाळीच्या वेळेला ठेवली असेल तर सांगा, सुट्टीच्या दिवशी ठेवा. खाडा करून बैठकीला येणं आम्हांला परवडत नाही.

दुसरं काम. प्रत्येक शाळेच्या दारावर फळा मागा. पहिलीच्या पोराला काय आलं पाहिजे, दुसरीच्या, तिसरीच्या, पार आठवीपर्यंत. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत. जिथं उर्दू, तेलुगू, कन्नड शाळा असेल तिथं त्या भाषेत. खात्यात जशी दराची पाटी, तशी शाळेत इयत्तेची पाटी!

तिसरं काम. दर तीन महिन्यांनी आईबापांना पोराचं वाचन आणि गणित दाखवा, अशी मागणी करा. पोराला चारचौघांत लाजवण्यासाठी नव्हे. कुठं अडलं आहे ते कळावं आणि त्याला त्याच महिन्यात जास्तीची मदत मिळावी, म्हणून. वर्षाच्या शेवटी शिक्का मारण्यापेक्षा सुताचा धागा तुटला तिथंच जोडावा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

चौथं काम घरातलं आहे. पोराला जवळ बसवा. वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायला सांगा आणि काय वाचलं ते विचारा. ५२ मधून २७ वजा करायला द्या. चौथी-पाचवीचं असेल तर ८७५ ला ७ नं भागायला सांगा. उत्तर १२५ आलं तर पाठ थोपटा. आलं नाही तर थोबाडीत मारू नका! शाळेत जाऊन मास्तरांना नमस्कार करून विचारा, "गुरुजी, हे कुठं राहिलं आणि आपण दोघांनी मिळून काय करायचं?" ज्याला स्वतःला वाचता येत नाही, त्यानं शेजाऱ्याला बसवावं. प्रत्येक वस्तीत एक तरी शिकलेला कामगार निघतो. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यानं पोरांना द्यावी. युनियनची कचेरी रात्री रिकामी असते, तिथं दिवा लावा.

पाचवं काम मोर्चाचं. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा, एका शिक्षकाच्या गळ्यात एकच इयत्ता द्या, आणि हे झाल्याशिवाय पाचवीच्या पोराला नापास करू नका. ही मागणी बोनसच्या मागणीच्या शेजारी, त्याच निवेदनात, त्याच अक्षरांत लिहिली गेली पाहिजे. शाळेचा प्रश्न हा बायकांचा प्रश्न, मास्तरांचा प्रश्न, असं म्हणून युनियननं बाजूला ठेवू नये. जिथं कामगाराचं पोरगं आहे तिथं कामगाराची युनियन आहे.

बंधूंनो, आपल्या बापजाद्यांनी कामाचे तास मोजून घेतले, मजुरी मोजून घेतली. आता पोरांचं शिक्षण मोजून घ्यायची पाळी आपली आहे. शेठच्या पोराची पाचवी आणि आमच्या पोराची पाचवी एकाच नंबरची झाली पाहिजे, आणि तो नंबर काय हे आमच्या भाषेत आमच्या दारावर लिहिलेलं पाहिजे. यापेक्षा कमी आम्ही घेणार नाही.

पोरांच्या शिक्षणाचा हक्क मिळालाच पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो!

जय महाराष्ट्र!